म्हातारपणी खुसखुशीत कसं लिहायचं, कुरकुर न करता

आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधे एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत, पाटबंधारे खात्यातले. साताऱ्यातल्या चार भिंती नावाच्या टेकडीचा चढ लागला की त्यांना दम लागतो आणि दम लागला की ते साहित्यावर बोलायला लागतात. मधे एकदा म्हणाले, ताई मीपण लिहायला घेतलंय, राजकारण, सिनेमा, हल्लीची पोरं, सगळ्यावर जरा मिश्किल अंगाने, चारशे पानं झालीत, नजर टाकता का. मी म्हटलं चारशे पानं मिश्किल म्हणजे मला आधी जेवून बसावं लागेल. तरी आणून ठेवलीच, टेंडरला लावतात तशी जाड दोऱ्याने शिवलेली फाईल. मी तेहतीस पानं वाचली आणि त्या तेहतीस पानांत 'आमच्या काळी' हे एक्केचाळीस वेळा आलं होतं. पेन्सिलने खुणा केल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं पेपर तपासल्यावर हात आपोआपच चालतो.

त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहून काढतेय कारण मला हे विचारणारे बरेच आहेत आणि प्रत्येकाला चढावर बोलत बोलत सांगायचं वय राहिलं नाही. माझं वय ७४. एका पेपरच्या पुरवणीत दर बुधवारी सदर लिहिते, एकवीस वर्षं झाली. राहते पण साताऱ्यात सदर बझारात. हा विनोद गावातल्या प्रत्येक माणसाने मला एकदा तरी ऐकवलाय, तुम्ही नका ऐकवू.

आधी कुरकुर पूर्ण लिहून टाका

हो, लिहूनच टाका. दाबून ठेवली की ती वाक्यावाक्यातून डोकावते. माझ्याकडे एक शंभरपानी वही फक्त त्यासाठी आहे, मागच्या पानापासून सुरू करायची, अक्षर कसंही चालतं, शिव्या चालतात, जावईबापूंबद्दलही चालतं. एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून बघायचं की या सगळ्यात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काय आहे, आणि या भानगडीत माझा स्वतःचा हात किती आहे. पाहिलेलं तेवढं ठेवायचं. स्वतःचा हात सापडला की सदर झालं. नाही सापडला तर ते वाचकांचा पत्रव्यवहार या कॉलमला पाठवून द्या, तिथे त्याची गरज असते.

नुसतं सांगून कळत नाही, म्हणून माझंच एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवते.

नोव्हेंबर महिना. पेन्शनरला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून आहोत हे सरकारला कळवायचं. पूर्वी बँकेत जाऊन यादीत आपलं नाव शोधायचं आणि सही ठोकायची, येताना पेन्शनर मंडळींबरोबर एक चहा. २०१४ च्या नोव्हेंबरपासून डिजिटल सोय आली, आधार नंबर घालायचा आणि मशीनवर अंगठा ठेवायचा, आणि आता तर मोबाईलसमोर तोंड धरून डोळे मिचकावले तरी माणूस जिवंत धरतात. तर मी अंगठ्याला गेले होते. घरी येऊन वहीत लिहिलं, काय हे दिवस, ज्यांनी पिढ्या घडवल्या त्यांनाच जिवंत असल्याचा पुरावा मागतात, ज्येष्ठांचा मान कुठे राहिला, वगैरे. दीड पान. मनापासून लिहिलेलं होतं आणि अगदी टाकाऊ होतं, कारण हेच दीड पान तुम्ही आत्तापर्यंत पन्नास जणांकडून वाचलंय, त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वतःला विचारलं, पाहिलंस काय. तर असं पाहिलं होतं की अंगठा उमटेना. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आजी पदराला पुसा. पुसला, नाही. म्हणाला, जरा चोळा. चोळला, नाही. मागे लाईनीत एक बाई होत्या त्यांनी पर्समधून व्हॅसलिनची डबी काढली, ती लावली तर मशीनच घसरायला लागलं. मग एकेक करून सगळी बोटं. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला हिरवा दिवा लागला आणि तो मुलगा म्हणाला, आजी तुमच्या रेषाच गेल्यात. आता बघा, हे वाक्य मी जन्मात सुचवून काढलं नसतं. छत्तीस वर्षं खडू धरला आणि त्याहून जास्त वर्षं राखेने आणि मग पावडरीने भांडी घासली, रेषा राहतील कशाला. लग्नाच्या आधी एका ज्योतिषाने याच हाताकडे बघून आयुष्यरेषा लांब आहे म्हणून सांगितलं होतं आणि अकरा रुपये घेतले होते.

इथपर्यंत बरं होतं पण अजून कुरकुरच होती, जरा नटवलेली. माझा हात कुठे आहे ते सापडत नव्हतं, दोन दिवस सापडलं नाही, मग कढईत फोडणी टाकताना आठवलं. मी वर्गात हजेरी घ्यायचे तेव्हा पोरांनी खणखणीत 'उपस्थित' म्हटलं पाहिजे असा माझा नियम होता. पुटपुटला की गैरहजर. पोरगा समोर बसलाय, मला दिसतोय, तरी मी गैरहजर मांडायचे, शिस्त लागावी म्हणून. तिसरीतल्या एका तोतऱ्या पोराला मी आठवडाभर असं गैरहजर मांडलेलं आहे. त्या काउंटरवर मी समोर उभी होते आणि मशीन मला गैरहजर मांडत होतं. झालं सदर. दीड पानाची कुरकुर गेली, त्या पोराचा एक परिच्छेद आला, आणि एकवीस वर्षांत जितके फोन आले नव्हते तितके त्या बुधवारी आले. तो पोरगा कुठे असेल माहीत नाही, त्याचा नाही आला.

सिनेमा, गाणी आणि नातवंडांची भाषा

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे न समजलेल्या गोष्टीवर मत देणं. मी केलीय. २०१६ च्या उन्हाळ्यात सैराट आला आणि गल्लीत, मांडवात, रिक्षात, गणपतीत, जिकडे तिकडे झिंगाट. मी सदरात लिहिलं की हा ढणढणाट आहे, यात संगीत कुठे आहे. बुधवारी छापून आलं. शनिवारी भाच्याच्या हळदीला मला पोरींनी ओढलं आणि मी नाचले, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या कडव्याला पण बसले नाही, आणि रविवारी डावा गुडघा टम्म. दहा दिवस शेक. शिवाय एका कॉलेजच्या मुलाने मला चिठ्ठी पाठवली की ताई, त्या पिक्चरच्या संगीतातला सिंफनीचा भाग लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केलाय, तुम्ही निदान एकदा हेडफोन लावून ऐका. ऐकलं. पुढच्या बुधवारी गुडघ्यावर लिहिलं. लोकांना पहिल्या लेखाचं काही आठवत नाही, गुडघा अजून विचारतात.

म्हणून नियम असा, की नवीन गोष्ट समजली नाही तर ती कशी समजली नाही ते लिहा. हे म्हाताऱ्या माणसाकडचं खरं भांडवल आहे, तरुण लेखकांना असं न समजणं परवडत नाही. माझी नात पुण्यात आयटीत आहे, तिने एकदा फोनवर रडत रडत सांगितलं की त्याने मला घोस्ट केलं. मी घाबरले, भूतबाधा वगैरे म्हणून. मग तिने समजावलं की बोलत असतो असतो आणि एक दिवस मेसेजला उत्तर देणंच बंद, कारण पण सांगायचं नाही. मी म्हटलं अगं हे तर आमच्याकडे पण होतं, याला 'कळवतो' म्हणायचे. पोहे खायचे, मुलीला गाणं म्हणायला लावायचं, जाताना चपला घालता घालता म्हणायचे, कळवतो. १९७२ साली कोल्हापूरकडचे एक जण मला असं कळवतो म्हणून गेलेत ते अजून कळवतायत. नात हसली, माझं सदर झालं आणि आमच्या ह्यांनी दोन दिवस ते कोल्हापूरकर कोण म्हणून विचारलं.

आणि आठवणी लिहिताना तपासून बघा हो. आपल्याला वाटतं आपण लहानपणापासून किती दर्जेदार बघत वाढलो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि टीव्ही आमच्या घरात यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. आला तेव्हा आम्ही जे दिसेल ते बघायचो, 'आमची माती आमची माणसं'मधे कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त घरात एक रोप नसताना पूर्ण बघितलाय, 'रुकावट के लिए खेद है' ही पाटीसुद्धा सगळं घर शांतपणे बघत बसायचं. तेव्हा निवड आमची नव्हती, चॅनेल एकच होतं. १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत पंचवीस माणसं बसायची आणि शेजारच्या आजी अंघोळ करून टीव्हीला हळदकुंकू लावून जायच्या. आणि तेव्हाही माझे सासरे म्हणायचे की हे बघण्यापेक्षा पोथी वाचा, आमच्या काळी असलं काही नव्हतं. म्हणजे आपण जे वाक्य आज नातवंडांवर टाकतो ते आपल्यावर टाकून झालेलं आहे, जुनं आहे, वापरलेलं आहे. इंजिनिअरसाहेबांना मी हेच म्हटलं, की एक्केचाळीस वेळा दुसऱ्याचं वाक्य कशाला.

व्हॉट्सॲपवरून आलेले विनोद घालू नका, वाचकाने ते तुमच्या आधी वाचलेले असतात. विशेषतः पुलंच्या नावाने फिरणारे. पु. ल. २००० साली गेले, आणि मला गेल्या महिन्यात त्यांच्या नावावर चालणारा एक विनोद आला त्यात ऑनलाईन मागवलेली मिसळ होती.

राजकारण

यावर लिहू नका असं बरेच सांगतात. लिहा. पण नेत्याकडे बघून लिहू नका, तो टीव्हीवर सगळ्यांना दिसतो, तुमच्यापेक्षा जवळून बघणारे शेकडो पत्रकार आहेत. आपल्या जिन्यातून दिसणारं राजकारण लिहा. २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा, त्यावर विश्लेषण लिहिणारे पुष्कळ, पण आमच्या खालच्या मजल्यावर दोन सख्खे भाऊ एकाच पक्षाचे होते आणि फूट पडल्यावर त्यांनी गणपती काही वेगळा केला नाही, फक्त मांडवावरच्या बॅनरवरचा मधला फोटो कोणाचा यावर तीन दिवस घालवले आणि शेवटी मधे गणपतीचाच फोटो लावला, हे मी सोडून कोणी लिहिणार नव्हतं.

दुसरं, सदर आणि बातमी यात दिवसांचं अंतर असतं ते विसरू नका. मी विसरले. माझं सदर शनिवारी द्यायचं असतं आणि बुधवारी येतं. २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. सकाळी दारात पडलेल्या पेपरात एक मुख्यमंत्री ठरलेला आणि टीव्ही लावला तर शपथ दुसऱ्याचीच होऊन गेलेली. मी तसाच हातात पेपर घेऊन उभी, चहावर साय धरली. त्याच भरात बसून लिहिलं, नवीन सरकारला चार खोचक सल्ले, पाच वर्षं कशी काढाल वगैरे, स्वतःवर खूष होऊन पाठवलं. मंगळवारी सरकार गेलं. बुधवारी माझे पाच वर्षांचे सल्ले छापून आले. दूधवाल्याने पण विचारलं, बाई हे कुणासाठी? तेव्हापासून राजकारणावर लिहिताना स्वतःला विचारते की यातलं बुधवारी काय शिळं होईल. ते काढते. त्या दिवसाचं आज काय उरलंय सांगू, ती चहावरची साय. तेवढंच लिहायला पाहिजे होतं.

आणि इथेही आपला हात शोधा, इथे तर जास्तच, कारण राजकारणावर लिहिताना माणूस पटकन न्यायाधीश होतो. २०२४ ची लोकसभा. आमच्या साताऱ्यात एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाला नुसती पिपाणी. निकाल लागला, तुतारीवाला हरला, जिंकणाऱ्याचं मताधिक्य ३२ हजारांच्या आसपास आणि पिपाणीला पडलेली मतं ३७ हजारांच्या वर. मग काय, गावभर चर्चा, लोक बघून दाबत नाहीत, अडाणी आहेत, कट आहे. शेजारच्या आजींचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं राहिलंय, त्या मला म्हणाल्या, मला माणूस काय दिसला नाही गं, वाजवायचं दिसलं, दाबलं. मी पण 'मतदाराने डोळे उघडे ठेवावेत' असं भारदस्त काहीतरी लिहायला बसले होते. नेमक्या त्याच आठवड्यात उघडकीला आलं की मी आठ दिवस बीपीची गोळी समजून ह्यांची ॲसिडिटीची गोळी खातेय, दोन्ही पाकिटं चंदेरी, दोन्ही गोळ्या पांढऱ्या, गोल. चष्मा गळ्यातच होता. ते लिहिलं. दोन्ही पक्षाच्या लोकांचे फोन आले की तुम्ही त्यांना चांगलं झोडपलंत, प्रत्येकाचं 'त्यांना' वेगळं.

एक मात्र सांगते, प्रत्येक ठिकाणी खुसखुशीत व्हायचं नसतं. डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, कऱ्हाडला साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गा भागवत. मी चोवीस वर्षांची, एसटीने गेलेली, खूप मागे बसलेली. यशवंतराव चव्हाणांसारखी केंद्रातली माणसं तिथे असताना बाईंनी आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना सांगितलं. मी उभी राहिले. आजवर मी हे चारचौघांत सांगताना 'मी उभी राहिले' एवढंच सांगत आलेय. खरं असं आहे की माझ्या पुढची बाई उभी राहिली म्हणून मला काही दिसेना, म्हणून मी उभी राहिले, आणि मग कळलं कशासाठी उभं राहायचं होतं. हे मी कधी सदरात लिहिलं नाही. विनोद करून लिहिलं असतं तर बाईंचा अपमान झाला असता आणि गंभीरपणे लिहिलं असतं तर माझं कौतुक झालं असतं, दोन्ही नको होतं.

शेजारी, नातेवाईक आणि इतर कच्चा माल

यावर पटकन. ओळखीच्या माणसाबद्दल लिहिताना नाव तर सोडाच पण झाडसुद्धा बदला. आमच्या सोसायटीतल्या एक बाई रोज माझ्या कुंडीतला कढीपत्ता तोडून न्यायच्या, मी सदरात त्याचा गवती चहा केला म्हणजे ओळखू येणार नाही. ज्यांनी कढीपत्ता नेला त्यांनी वाचून मला म्हटलं, काय एकेक लोक असतात ना. आणि ज्या बिचाऱ्या एकदाच, ताप आला होता म्हणून, विचारून गवती चहा घेऊन गेल्या होत्या त्या दीड वर्ष बोलल्या नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी नर्सरीतून आणलेल्या गवती चहाच्या बिलाचा फोटो टाकला होता.

नवऱ्याबद्दल लिहायला हरकत नाही, पण छापायच्या आधी वाचून दाखवू नका. आमचे हे प्रत्येक वाक्यावर 'असं झालं नव्हतं' म्हणतात. मी म्हणते, पण असं छान वाटतंय. ते म्हणतात, मग तसं लिही की छान वाटतंय म्हणून लिहिलंय.

आजारपणावर वर्षातून एकच लेख. मी हे कॅलेंडरवर मांडून ठेवते, एका वर्षीचा गोळ्यांवर गेला, मग गुडघा पुढच्या वर्षी. मृत्युलेख लिहायची वेळ आता महिन्याआड येते, त्यात एकच पथ्य, गेलेल्या माणसाचं आपण काय देणं लागत होतो ते एक तरी लिहायचं, परत न केलेलं पुस्तक, न भरलेला चहाचा अर्धा पैसा, काहीही. आपण किती जवळचे होतो ते सांगत बसू नये, त्यांना आता नाही म्हणता येत नाही.

प्रवास मात्र करा, एसटीने. घरात बसून सुचत नाही, टीव्हीवरचं तेवढं सुचतं. एसटीत ६५ च्या पुढे अर्धं तिकीट आधीपासूनच, ७५ च्या पुढे फुकट ऑगस्ट २०२२ पासून, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. तर मी वाईला जाताना कंडक्टरला म्हटलं, बाई म्हणून अर्धं माफ आणि म्हातारी म्हणून अर्धं माफ, म्हणजे पूर्ण माफ झालं की. त्याने तिकीट फाडत शांतपणे विचारलं, आजी, नव्वदी गाठली की महामंडळाने वरून पैसे द्यायचे का? मी ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. तिकीट सापडत नाही ही गोष्ट वेगळी, म्हणून वाक्य पाठ करून ठेवा. खिशात छोटी डायरी ठेवा म्हणून सगळे सांगतात, माझ्या साडीला खिसा नाही.

लिहायचं कसं, म्हणजे बोटांनी

पुरवणीतलं सदर साधारण सहाशे शब्दांचं. साडेसहाशे झाले तरी चालतं, आठशे झाले तर संपादक मधलं कापतो आणि नेमकं चांगलं कापतो. चारशे पानं म्हणजे किती बुधवार होतात याचा हिशेब मी इंजिनिअरसाहेबांना करून दाखवला, तर त्यांना तो आवडला, त्यांनी लगेच खाली वार्षिक सरासरी काढली.

आता हाताने लिहिलेलं कोणी घेत नाही, मेल लागतो आणि युनिकोडमधे लागतो. जुन्या डीटीपी फाँटमधे टाईप करून घेतलंत तर तिकडे उघडल्यावर चित्रलिपी दिसते. मोबाईलवर मराठी कीबोर्ड टाकून घ्या, नातवंडाकडून, पण शिकवून घ्या, करून घेऊ नका. बोटं दुखत असतील तर बोलून टाईप होतं, मी बरंचसं तसंच करते, फक्त नंतर डोळ्यात तेल घालून वाचायचं. मी 'सासूबाई कडक होत्या' बोलले आणि फोनने 'सासूबाई खडक होत्या' केलं, ते मी ठेवलं. पण एकदा स्वयंपाकघरातून बोलत होते तर मधेच ह्यांनी विचारलेलं 'मीठ घातलंस का' हे पण लेखात गेलं आणि तसंच छापून आलं, अर्थसंकल्पावरच्या लेखात. तीन वाचकांनी त्यातला गर्भितार्थ समजावून सांगणारी पत्रं लिहिली.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. ज्या वाक्याला दम लागतो तिथे तोडा, किंवा नका तोडू, पण निदान कुठे दम लागतो ते माहीत असू दे. शेवटचा परिच्छेद काढून टाका. हे मी नवशिक्यांना कायम सांगते, म्हाताऱ्या लेखकाचा शेवटचा परिच्छेद म्हणजे बहुतेक वेळा आशीर्वाद असतो, तो कोणी मागितलेला नसतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी पण असाच एक आशीर्वादाचा परिच्छेद लिहिला होता, ज्ञानोबांपासून थेट नातीपर्यंत, आणि तेवढ्यात नातीचा मेसेज आला, 'आजी काँग्रॅट्स फॉर मराठी'. परिच्छेद काढला, मेसेज ठेवला.

इंजिनिअरसाहेब पंधरा दिवस फिरायला आले नाहीत, मला वाटलं दुखावले. मग आले, खिशातून एक घडी केलेला कागद काढला. अर्धं पान. रिटायर झाल्यावर बायकोला स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी कसं वाचवायचं ते शिकवायला गेले, नळाला चावी बसवली, आणि ती चावी त्यांच्याच हातात तुटून घरभर पाणी झालं, ज्याने तीस वर्षं कालव्यांची पाणीवाटपं म्हणजे आवर्तनं ठरवली त्याने बादलीने स्वतःचा हॉल उपसला आणि बायको सोफ्यावर पाय वर घेऊन आवर्तनाच्या तारखा विचारत होती. 'आमच्या काळी' एकदाही नाही. मी म्हटलं हे पाठवा, आजच पाठवा. ते म्हणाले, पाठवतो, पण मानधन किती देतात हो? मी म्हटलं, चला, चढ आला.